नेटबीयूआय राऊट होत नाही, पण आयपीएक्स होतो

"जुने नेटवर्क प्रोटोकॉल (मशीन एकमेकांशी बोलायचे नियम) राऊट होतच नाहीत", म्हणजे त्यांची पॅकेट राऊटरमधून एका नेटवर्कातून दुसऱ्यात जातच नाहीत, असं कुणी म्हटलं तर ते सरसकट खरं नाही. जुन्या विंडोज नेटवर्कमध्ये वापरायच्या नेटबीयूआयबद्दल बरोबर आहे, कारण त्यात नेटवर्क नंबरच नसतो, मशीनचं नाव आणि नेटवर्क कार्डाचा स्वतःचा पत्ता म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस एवढ्यावरच सगळा कारभार, मग राऊटरने पॅकेट कुठल्या बाजूला पाठवायचं हे ठरवायचं तरी कशावरून? ब्रिज नावाचं यंत्र टाकून नेटवर्कचे तुकडे (सेगमेंट) जोडता येतात पण मग ब्रॉडकास्टही (सगळ्या मशीनना उद्देशून पाठवलेले संदेश) सगळीकडे पसरतात.

नॉव्हेल कंपनीच्या आयपीएक्स प्रोटोकॉलचं तसं नाही. ३२ बिटांचा नेटवर्क नंबर आणि पुढे ४८ बिटांचा नोड (मशीनचा) नंबर, त्यात सरळ मॅक अ‍ॅड्रेसच वापरायचे, म्हणजे प्रत्येक मशीनला हाताने पत्ता द्यायची कटकट नाही, मला ही रचना आजही फार आवडते. त्रास व्हायचा तो स्लो वॅन (दूरची ठिकाणं जोडणाऱ्या) लिंकवर, रिप (मार्गांची माहिती) आणि सॅप (सेवांची माहिती) यांचे ब्रॉडकास्ट दर ६० सेकंदांनी जायचे ना. अ‍ॅपलटॉक हा अ‍ॅपलचा प्रोटोकॉलही राऊट व्हायचा.

आणि प्लीज, नेटबायोस (प्रोग्रॅमना नावाने दुसऱ्या मशीनशी बोलू देणारा इंटरफेस) आणि नेटबीयूआय एकच समजू नका. नेटबायोस टीसीपी/आयपीवर चालवायची पद्धत १९८७ च्या आरएफसी (इंटरनेटचे तांत्रिक दस्तऐवज) १००१ आणि १००२ मध्ये दिलीय, तसं केलं की तो राऊटरपलीकडे व्यवस्थित जातो, फक्त पलीकडची नावं सापडायला विन्स सर्व्हर (नावावरून आयपी पत्ता सांगणारा) नाहीतर एलएमहोस्ट्स फाइल (नावं आणि पत्त्यांची यादी) लागते.