शब्दचर्चा: कादंबरी हलकी, हलकीफुलकी की खुसखुशीत?

धागाकर्ती

आमच्या वाचनगटाने गेल्या महिन्यात इंग्रज लेखिका जॉर्जेट हेयरची 'कॉटिलियन' ही कादंबरी वाचली. पुस्तक १९५३चं, पण काळ रीजन्सीचा. इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्ज राजाचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही म्हणून १८११ ते १८२० त्याच्या युवराजाने कारभार पाहिला, तो काळ. गोष्ट अशी: एक चिक्कू म्हातारा जाहीर करतो, की मी सांभाळलेल्या किटीने माझ्या भाच्या-पुतण्यांच्या पोरांपैकी कोणाशीही लग्न केलं तर माझी सगळी इस्टेट तिची. ज्याची ती वाट बघतेय तो देखणा जॅक फिरकतच नाही. मग ती भलत्याच एकाला, भिडस्त फ्रेडीला, गळ घालते. खोटा साखरपुडा करू, मला महिनाभर लंडन दाखव.

चर्चेत एकीने मत दिलं, "हलकी आहे." पुस्तक सुचवणाऱ्या काकू त्यावरून दोन दिवस गटात बोलल्या नाहीत. मत देणारीचं म्हणणं, मी कौतुकच केलं होतं, डोक्याला ताप नाही एवढंच म्हणायचं होतं. काकू म्हणतात, हलकी म्हणजे हलकीच.

तर प्रश्न: अशा कादंबरीला मराठीत नेमकं काय म्हणावं? शिवाय आपण 'हलका' शब्द कधी चांगल्या अर्थाने वापरतो नि कधी वाईट, याला काही नियम आहे का?

प्रतिसाद

काकूंची बाजू घेतो. 'हलका' आणि 'हळू' दोन्ही संस्कृत 'लघु'ची पोरं. प्राकृतात 'लहु'चं 'हलु' झालं, अक्षरांनी जागा बदलल्या. म्हणजे मूळ अर्थ वजनाचाच. पण वापर बघा. पोट हलकं, मन हलकं, हलका हात, हलकं जेवण, हे सगळं चांगलं. हलकं कापड, हलका माल, हलकी जमीन, हलका माणूस, हे सगळं वाईट.

मला यात एक धागा दिसतो. जिथे भार वाहायचा असतो (पोटाने, मनाने, हाताने) तिथे हलकं असणं सुखाचं. जिथे कस बघायचा असतो तिथे हलकं म्हणजे कमअस्सल. हलक्या जमिनीत ज्वारी कशीबशी येते, ऊस नाही. आता कादंबरी कशात मोडते? वाचणं हा भार, पण पुस्तक ही वस्तू. म्हणून 'वाचायला हलकी' म्हटलं तर कोणी रागावणार नाही. नुसतं 'हलकी कादंबरी' म्हटलं की मराठी कान कसच बघतो. तुमच्या मैत्रिणीने 'वाचायला' हा एक शब्द गाळला, बाकी काही चुकलं नाही.

उपप्रतिसाद

अपवाद: 'हलक्या कानाचा'. कान तर चांगला भार वाहतो!

उपप्रतिसाद

कान भार वाहतो, पण इथे कस बघितलाय. कोणीही काही ओतावं नि त्याने ते धरावं, असा कान. नियम शाबूत.

प्रतिसाद

टाइमपास म्हणा, विषय संपला.

प्रतिसाद

माझं मत 'खुसखुशीत'ला, आणि त्याला स्वयंपाकघरातलं कारण आहे. करंजी खुसखुशीत होते ती मोहनामुळे. तूप कडकडीत तापवून पिठात ओततो, चोळून चोळून मुरवतो, तेव्हा कुठे घास जिभेवर विरतो. खाताना हलकी वाटते, पण पचायला अजिबात हलकी नाही आणि करायला तर मुळीच नाही. 'कुरकुरीत' ते वेगळं, त्याचा नुसता आवाज.

हेयरबाईंचं लिखाण मला असंच वाटतं. त्या काळातले कपडे, गाड्या, जुगाराच्या अड्ड्यांवरची बोली यांच्या वह्याच्या वह्या त्यांनी भरून ठेवल्या होत्या. ते सगळं मोहन. पानावर फक्त फ्रेडीचं अर्धवट तोडलेलं वाक्य दिसतं आणि आपण हसतो. 'हलकीफुलकी'त ही मेहनत येत नाही. फुलका तव्यावरून थेट आचेवर फुगतो आणि दोन मिनिटांत चिवट होतो.

प्रतिसाद

फुलक्याचा अपमान सहन केला जाणार नाही. बाकी सहमत.

मला खरं कोडं पडलं ते फ्रेडीसाठी कोणता शब्द वापरावा याचं. आमच्याकडे एकाने त्याला 'छैलछबिला' म्हटलं. साफ चूक. छैलछबिला म्हटलं की भडक फेटा, अत्तर आणि वळवून बघणारे डोळे आले. रीजन्सीतल्या खऱ्या डँडीचं, म्हणजे कपड्यांच्या शौकिनाचं, वळण लंडनच्या बो ब्रमेल नावाच्या गृहस्थाने घालून दिलं: गडद कोट, पांढरास्वच्छ स्टार्चचा गळपट्टा, अंघोळ रोजची, आणि बाकी काही नाही. भपका कमी करणं हाच त्याचा भपका. (कर्जापायी १८१६ला त्याला पळून फ्रान्समधलं कॅले गाठावं लागलं, तो भाग सोडा.) फ्रेडी त्या पंथातला. कोटाच्या शिवणीवरून माणूस ओळखेल, पण बायकांच्या मागे लागणार नाही. त्याला मी 'टापटिपीचा' म्हणेन. 'रंगेल' हा शब्द जॅकसाठी राखून ठेवा.

आणि स्वभावाने 'सालस'. हा शब्द हल्ली फक्त श्रद्धांजलीत उरलाय, पण फ्रेडीला चपखल बसतो. हुशार नाही असं सगळे समजतात, तो स्वतःही समजतो, आणि अडचण आली की कुठे कोणत्या वेळी कसं वागायचं हे नेमकं त्यालाच सुचतं. शेवटी किटीला कळतं की... थांबतो.

उपप्रतिसाद

सत्तर वर्षांच्या पुस्तकाचा कसला आलाय रहस्यभेद? ती फ्रेडीशीच लग्न करते. मला तेच खटकलं. तिनशे पानं नुसती खरेदी, नाच, भेटीगाठी आणि दुसऱ्यांची लग्नं जुळवणं. प्रेम कुठाय? आमच्या ग्रंथालयाने यावर 'प्रणयकथा' अशी चिठ्ठी लावली होती, म्हणून घेतलं. एक धड चुंबन नाही!

उपप्रतिसाद

दोष चिठ्ठीचा. 'प्रणय' आता पक्ष्यांचा आणि सिनेमाचा झाला, त्यात शरीर आलंच. हेयरच्या गोष्टीत असतं ते 'प्रणयाराधन', किंवा साध्या भाषेत 'जुळणं'. आपल्याकडे लग्न 'जुळतं', प्रेम 'जमतं'. तिच्याकडे आधी लग्न जुळतं, खोटं का होईना, आणि मग प्रेम जमतं. हा क्रम आपल्या आजीला अजिबात नवा नाही. मला तरी म्हणूनच गोष्ट ओळखीची वाटली.

धागाकर्ती

छान चालू आहे, पण एक पोटप्रश्न. लंडनच्या 'सीझन'ला मी टिपणात 'लग्नसराई' लिहिलं. चालेल?

प्रतिसाद

अर्धंच चालेल. लग्नसराईत लग्नं लागतात. सीझनमध्ये मुली दाखवायच्या असतात. तो हंगाम मुहूर्तांवर नाही, पार्लमेंटच्या बैठकांवर ठरायचा. जमीनदार मंडळी त्यासाठी गावाकडून लंडनला यायची, सोबत बायका नि उपवर मुली. 'अलमॅक्स' या बड्या लोकांच्या नाचघरातल्या बुधवारच्या नाचाला प्रवेशाची चिठ्ठी मिळाली की मुलगी चांगल्या घरांत गणली जायची, आणि ती चिठ्ठी द्यायची की नाही हे मूठभर बड्या बायका ठरवायच्या. म्हणजे कांदेपोहे, पण सामुदायिक आणि तिकीट लावून. मी 'हंगाम'च ठेवीन.

प्रतिसाद

उशिरा आलो. कोणी 'रीजन्सी'लाच हात घातला नाही! कोल्हापूरकरांना हा शब्द परका नाही. कागलचे आबासाहेब घाटगे १८८२ पासून कोल्हापूरचे रीजंट (राजाच्या वतीने कारभार पाहणारे) होते, जुन्या कागदांत तसंच लिहिलेलं असतं. आणि त्याही आधी, सवाई माधवराव चाळीस दिवसांचे असताना पेशवाईची वस्त्रं आली आणि राज्य बारभाईंनी चालवलं, ती रीजन्सी नाही तर काय? फक्त 'बारभाई'चा अर्थ आता दहा तोंडं नि शून्य काम असा झालाय, त्यामुळे 'बारभाईकालीन प्रेमकथा' म्हटलं तर कोणी हातात घेणार नाही.

कादंबरीत ठिकठिकाणी 'फेटन' ही घोडागाडी येते, दिसली का? तीच आपली फिटन. आजोबांच्या तोंडी ऐकलेली. आणि किटीच्या हातातल्या त्या दोरीच्या छोट्या पिशवीला तर भाषांतरच नको, बटवा.

धागाकर्ती

बटवा! मी 'हातपिशवी' लिहून बसले होते. दुरुस्त करते.

मोहनाचा मुद्दा काकूंना वाचून दाखवला. म्हणाल्या, खुसखुशीत चालेल, पण मग सुरुवातीची तीन प्रकरणं तळताना मऊ पडलीत असंही लिही.

प्रतिसाद

काकूंना सांगा, ती मऊ नाहीत, म्हाताऱ्याच्या घरात जळण काटकसरीने वापरतात.

आणि 'खुमासदार' राहिलाच की. माझ्या मते पुस्तक खुसखुशीत असतं नि सांगणारा खुमासदार. की उलट?