ओढून-सोडून केलेली मांडणी आणि कापलेला उकार

शाईदौत:
एका पतसंस्थेचं संकेतस्थळ दुरुस्तीला आलंय. सगळं व्हिज्युअल बिल्डरमध्ये माऊसने ओढून केलेलं. आधीच्या गड्याने नमुना मजकूर रोमन लिपीतला टाकला, त्याच्या मापाने चौकटी आखल्या आणि प्रत्येकीला पिक्सेलमध्ये पक्की हाइट देऊन टाकली. मग मराठी भरलं. ‘कर्जवाटप’चा रफार वरून गेला, ‘मुदत’चा उकार खालून. वर शीर्षकाला २ पिक्सेल लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर), म्हणजे शिरोरेषा दात पडल्यासारखी. रोमन अक्षरं सुटी असतात, त्यांना ते खपतं. आपल्याला नाही.

माझं मत स्पष्ट आहे. सीएसएस ही वेबपानाची मांडणी लिहायची भाषा म्हणजे नियम: मजकूर वाढला तर काय, पडदा अरुंद झाला तर काय. ही सॉफ्टवेअरं तुम्हाला चित्र काढायला बसवतात. मांडणी हातानेच लिहावी.

गवंडी_७:
भिंत वाकडी झाली म्हणून थापीला दोष? मिन-हाइट, म्हणजे मजकुरासोबत वाढू शकणारी किमान उंची, तिथेही असते हो. वेबफ्लो या बिल्डरमध्ये फ्लेक्स आणि ग्रिड (चौकटी मांडायच्या पद्धती), मार्जिन सगळं सीएसएसच्याच नावाने समोर असतं. ज्याला बॉक्स मॉडेल, म्हणजे चौकटीची मापं कशी ठरतात ते, कळत नाही तो हाताने लिहूनही ‘हाइट: ४० पिक्सेल’च लिहिणार. वर ओव्हरफ्लो हिडन, म्हणजे चौकटीबाहेर गेलेलं दिसणारच नाही.

जुनाखोड:
शाईदौत, तुमचा राग मला ओळखीचा वाटतो, फक्त वीस वर्षं जुना. फ्रंटपेज या जुन्या बिल्डरमध्ये टेबलात टेबल घालून पानं केलीत मी. मग ड्रीमवीव्हरचे लेअर आले: हवं तिथे ओढा, आत अ‍ॅब्सोल्यूट पोझिशन, म्हणजे जागा पक्की. ब्राउझरमध्ये अक्षर मोठं केलं की एका लेअरचा मजकूर दुसऱ्याच्या डोक्यावर. पण तेव्हा हाताने लिहिणारे तरी कुठे सुखात होते? फ्लोटने चौकटी कडेला सरकवायच्या आणि क्लिअरफिक्सने सावरायच्या, असल्या कसरती! २०१७ च्या मार्चमध्ये क्रोम, फायरफॉक्स आणि सफारीत ग्रिड आलं, तेव्हा कुठे मांडणीसाठीच बनवलेली दोन मितींतली सोय हाती लागली. टूलला ओढण्याजोगं काही खरं मिळालं ते त्यानंतर.

शाईदौत:
मग अडोबी म्यूझचं काय? कोड न लिहिता संकेतस्थळ, असा गाजावाजा होता. २०१८ मध्ये बंद करत असल्याचं जाहीर झालं, २०२० च्या मार्चमध्ये कंपनीचा आधारही संपला. त्याची मूळ फाइल दुसऱ्या कशात उघडत नाही. बाहेर काढलेलं एचटीएमएल हाताने दुरुस्त करून दाखवा, चहा माझ्याकडून. साधी सीएसएस फाइल नोटपॅडमध्येही उघडते.

गवंडी_७:
हा मुद्दा मान्य. पण पतसंस्थेच्या ताई दर महिन्याला ठेवींचे दर बदलणार, त्या नोटपॅड उघडणार आहेत का? त्यांना हातात बिल्डरच लागतो.

शाईदौत:
दर बदलणं म्हणजे मजकूर बदलणं. त्यासाठी चौकटी ओढायची मुभा कशाला द्यायची?

रिकामटेकडी:
मी लिहिते हाताने, पण फायरफॉक्सचा ग्रिड इन्स्पेक्टर उघडा ठेवून. रेघा दिसल्याशिवाय मला कॉलम मोजता येत नाहीत. याला कोणत्या बाजूत धरता?

शाईदौत:
तुम्हाला माफ. गवंडी, मिन-हाइट सापडली बरं का. पॅनेलच्या तळाशी, घडी घालून ठेवलेली. आता एकतीस चौकटी उघडून एकेकीची हाइट काढतोय. बारावी चालू आहे.