'जळगाव' ला 'जयगाव' म्हणतो. मग पोराला वाचता येतं की नाही?

अमळनेरचा_बाप
परवा अमळनेरच्या बसस्टँडवर उभे होतो. पोरगा पहिलीत आहे, सव्वासहा वर्षांचा. गाडी लागली तशी कपाळावरची पाटी त्यानं हवेत बोट फिरवत वाचली, "जयगाव". मी खूश. पण वर्गात नेमक्या याच कारणावरून बाईंनी शेरा मारलाय, "वाचनाचा सराव हवा". केळीला केयी, शाळेला शाया, डोळ्याला डोया. घरात आम्ही अहिराणी बोलतो आणि माझ्या आईला तर दुसरी बोली येतच नाही. माझं म्हणणं एवढंच की पोरानं वाचलंय. त्याच्या घरात 'ळ' च्या जागी 'य' च असतो, म्हणून तोंडातून तो येतो. उच्चार सुधारा ना, कोण नको म्हणतंय! पण वाचता येत नाही असं कसं लिहिता?

बालवाडीताई
दादा, रागावू नका, पण तो वाचत नव्हता, ओळखत होता. रोज तीच गाडी, तीच पाटी. माझ्याकडची चार वर्षांची पोरं बिस्किटाचा पुडा उलटा धरूनही नाव 'वाचतात'! आधी कान तयार व्हायला हवा. मका म्हटलं की पहिला आवाज कोणता? मका, माठ, मीठ यांत सारखं काय? हे आलं की मग अक्षर. तुम्ही एकदम पाटीवर गेलात.

बोदवडकर
ताईंशी निम्मा सहमत. बोलीचं कौतुक मलाही आहे, आमच्याकडची लेवा बोलीही 'ळ' चा 'य' च करते. पण उद्या श्रुतलेखनात बाई म्हणाल्या "विहिरीतला गाळ काढला", तर हा लिहिणार "विहिरीतली गाय काढली". हसू नका, माझ्या पुतण्यानं खरंच लिहिलंय. कानाला फरक कळला नाही तर हाताला कुठून कळणार? पहिलीतच अडवलेलं बरं.

धुयेकर
काय भो, बहिणाबाईंनी ओढाळचं 'वढाय' केलं ते आपण डोक्यावर घेतो. आणि जित्या पोरानं 'जयगाव' म्हटलं की लाल शाई?

बोदवडकर
बहिणाबाईंना लिहायचं नव्हतं, भाऊ. त्या जुळवून म्हणायच्या आणि त्यांचा मुलगा सोपानदेव उतरवून घ्यायचा. या पोराला त्याचं त्यालाच लिहायचंय.

फोनिक्सवाली_आई
एवढी भांडणं कशाला? माझी मुलगी धुळ्यात इंग्रजी फोनिक्सच्या क्लासला जाते. ए-बी-सी-डीच्या क्रमानं शिकवत नाहीत. सुरुवातीला एस, ए, टी, आय, पी, एन एवढीच अक्षरं, तीही नावानं नाही, आवाजानं. सहा अक्षरांत सॅट, पिन, टॅप, नॅप वाचायला लागली. मराठीत आपण अजून 'अ अननसाचा' मध्येच अडकलोय. असं शास्त्रशुद्ध काही आपल्याकडे नाहीच.

मास्तर_निवृत्त
नाही कसं? जुने मास्तर पाटीवर सुरुवात 'ग म भ न' नं करायचे. वळण एकसारखं म्हणून हात बसतो, आणि चारच अक्षरांत पोर मन, मग, नभ, गगन, नमन वाचतं. काना-मात्रा काही नको. तुमच्या सहा अक्षरांची युक्ती तीच आहे, ताई. पण अर्धी गोष्ट खरी सांगतो, आम्हीच पुढे गोंधळ घातला. बाराखडी (2009 च्या शासन निर्णयात ॲ, ऑ आल्यापासून चौदाखडी म्हणा) गाण्यासारखी पाठ व्हायची. पोर 'क' पासून 'कः' पर्यंत न चुकता म्हणणार, आणि मधलाच 'कि' दाखवला की पहिल्यापासून सुरू. त्यात ती पहिली वेलांटी लिहायची आधी आणि बोलायची नंतर! आवाजाचं गणितही सरळ नाही. "चार चाकं" म्हणून बघा, एकाच 'च' चे दोन आवाज निघतात.

आता मूळ भांडण. अमळनेरकर, पोर वाचतं की ओळखतं हे कळायला सोपी युक्ती आहे. ज्यांना काही अर्थच नाही असे शब्द लिहून द्या. मळप. ळुका. धेळ. हे कुठल्या गाडीवर सापडणार नाहीत.

अमळनेरचा_बाप
गुरुजी, रात्री जेवण झाल्यावर दिले. वहीच्या मागच्या पानावर, मोठ्या अक्षरात. मळप – "मयप". ळुका – "युका". म्हणजे वाचतोय, ताई!
तिसऱ्याला मात्र म्हणाला, "घेय".

मास्तर_निवृत्त
हं. सापडली खरी चूक. 'ळ' चा 'य' ही त्याची बोली आहे, पण 'ध' चा 'घ' करायला अहिराणी सांगत नाही. तिथे डोळा चुकला. आठ दिवस सगळे 'ळ' मागे लागलो आणि 'ध' कडे कुणाचं लक्ष नाही. घर-धर, घार-धार, घडा-धडा अशा जोड्या द्या. 'घ' च्या डोक्यावर अख्खी टोपी आहे, 'ध' ची टोपी फाटकी. एवढं पोरांना लगेच पटतं.

बालवाडीताई
मान्य, वाचतोय. पण गुरुजी, 'ळ' सोडून द्यायचा का? मी तर गाळ-गाय, काळा-काया असे जोडशब्द नुसते तोंडी घेते, वही न उघडता. आजीचा 'काया' आणि शाळेतला 'काळा', दोन्ही म्हणून घ्यायचे. आजी चुकते असं पोराला वाटलं तर ते घरी बोलायचंच बंद होतं.

बोदवडकर
तिसरीपर्यंत वाचन-लेखन पक्कं करायचं हे केंद्र सरकारच्या निपुण भारत मोहिमेचं ध्येय आहे. 'काया-काळा' च्या खेळात वेळ जाणार.

धुयेकर
वेय जाऊ द्या भो.

अमळनेरचा_बाप
चार दिवस घर-धर घेतलं. आई बाजूला तांदूळ निवडत बसलेली असते. तिला वाचता येत नाही, पण टोपीचं तिलाही कळलं. आता तीच त्याला विचारते.
काल पुन्हा स्टँडवर गेलो होतो, तर धुळ्याची गाडी लागली. "घुये", तो म्हणाला. मग थांबला, पाटीकडे मान वाकडी करून बघितलं. "नई, टोपी फाटेल शे. धुये."

बोदवडकर
शाब्बास. पण 'ळ' अजून तसाच आहे, हे लक्षात ठेवा.