बुकर निकालानंतरही शिक्षेची सुरुवात तक्त्यापासूनच का?

प्रश्न :
अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १२ जानेवारी २००५ रोजी ‘युनायटेड स्टेट्स विरुद्ध बुकर’ या खटल्यात शिक्षेची संघीय मार्गदर्शक तत्त्वे न्यायाधीशांवर बंधनकारक राहणार नाहीत, असा निर्णय दिला. तरीही तिथले न्यायाधीश आजही आधी त्याच तत्त्वांमधल्या तक्त्यातून शिक्षेचे महिने काढतात. मग या निकालाने आरोपीच्या पदरात नेमके काय पडले?

प्रतिसाद १ :
त्यासाठी मूळ खटला पाहावा लागेल. आरोपी बुकरविरुद्ध ज्यूरीपुढे (म्हणजे दोष ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे) ९२.५ ग्रॅम क्रॅक कोकेनचा पुरावा आला होता आणि तेवढ्यावर तक्त्यानुसार २१० ते २६२ महिन्यांची शिक्षा होत होती. शिक्षेच्या सुनावणीत मात्र न्यायाधीशांनी आणखी ५६६ ग्रॅमचा व्यवहार आणि न्यायकार्यातील अडथळा या गोष्टी, वाजवी संशयापलीकडे नव्हे तर केवळ ‘अधिक संभाव्य’ एवढ्याच निकषावर, सिद्ध मानल्या. त्यामुळे किमान मर्यादा ३६० महिन्यांवर गेली आणि ज्यूरीने कधी विचारातच न घेतलेल्या ग्रॅमांपायी ३० वर्षे सुनावली गेली. न्या. स्टीव्हन्स यांच्या बहुमताने यात सहाव्या घटनादुरुस्तीतील ज्यूरीच्या हक्काचा भंग झाल्याचे ठरवले. उपाय न्या. ब्रेयर यांच्या वेगळ्या बहुमताने दिला : तत्त्वे कायम ठेवून, ती बंधनकारक करणारी तरतूद आणि तिच्यावर अवलंबून असलेली अपिलाची तरतूद तेवढी वगळली. (दोन्ही बहुमतांत असलेल्या न्या. गिन्सबर्ग या एकट्याच.)

प्रतिसाद २ :
सुरुवात तक्त्यापासून का, याचे उत्तर याच न्यायालयाच्या २००७ च्या ‘गॉल’ निकालात आहे. तक्त्यातील गुन्ह्याच्या ४३ पातळ्या आणि आरोपीच्या गुन्हेगारी पूर्वेतिहासाचे ६ वर्ग यांतून योग्य आकडा काढूनच सुरुवात करायची. तिथून वर किंवा खाली जायचे असेल, तर कारणे नोंदवायची. कारणे लेखी असली की अपिलात निदान काही धरून बोलता येते, म्हणून मला ही पद्धत योग्य वाटते.

प्रश्नकर्ता :
म्हणजे तसलेच ५६६ ग्रॅम आजही न्यायाधीश स्वतः मोजू शकतात?

प्रतिसाद १ :
होय, कायद्याने ठरवलेल्या कमाल शिक्षेच्या आत राहून मोजू शकतात, आणि हेच मला अन्यायाचे वाटते. १ नोव्हेंबर २०२४ पासून एक सुधारणा लागू झाली आहे : संघीय न्यायालयाने ज्या आरोपातून निर्दोष सोडले, ती कृती सर्वसाधारणपणे तक्त्याच्या हिशेबात धरायची नाही. परंतु जे ग्रॅम आरोप म्हणून ज्यूरीपुढे आलेच नाहीत, त्यांतून निर्दोष सुटण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.