क्यूरपीपला जाताना थंडीपेक्षा ओलीची तयारी हवी

"दोन्हीकडची उंची साधारण ५५० मीटर, तेव्हा इंदूरचेच गरम कपडे मॉरिशसच्या क्यूरपीपला चालतील" असं वर एकानं लिहिलंय, ते पटत नाही. उंची सारखी आहे, थंडी नाही. आपल्याकडे इंदूरला जानेवारीत पहाटे पारा १० पर्यंत उतरला तरी हवा कोरडी असते आणि दुपारी २५-२६ अंशांचं ऊन मिळतं. तिथला हिवाळा जुलै-ऑगस्टमध्ये. आग्नेयेकडचे व्यापारी वारे समुद्रावरची दमट हवा क्यूरपीपच्या पठारावर चढवतात, म्हणून ढग आणि भुरभुर पाऊस वरचेवर. रात्री १४-१५, पण दुपारीही जेमतेम २०. खाली किनाऱ्यावर, राजधानी पोर्ट लुईसला त्याच दिवशी लख्ख ऊन असू शकतं.

तेव्हा कापसाची रजई इथून अजिबात नेऊ नका. ती ओल धरते, उन्हाशिवाय आतून वाळत नाही आणि बुरशी लागते. फ्लीसचं पांघरूण, लोकरीचा स्वेटर, पातळ रेनकोट पुरे. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं तरी पुढे ठेवा. गार भिंतीवर बाष्प धरतं आणि बुरशी मागून सुरू होते, आपल्याला कळतं तोवर कपड्यांना डाग पडलेले असतात. हवेतली ओल काढणारं यंत्र घेणार असाल तर कॉम्प्रेसरवालं १५ अंशांखाली कॉइलवर बर्फ धरून मंदावतं. डेसिकंटवालं, म्हणजे ओल शोषणाऱ्या पदार्थावर चालणारं, वीज जास्त खातं, पण गार खोलीत तेच नीट चालतं. आणि हो, इडलीचं पीठ रात्रभरात फुगणार नाही. ते ओव्हनमध्ये ठेवा, ओव्हन न तापवता नुसता त्यातला बल्ब लावून.