किरणोत्सर्गाची देशव्यापी मोजणी: गॅमा मापके वाढवावीत की हवेच्या गाळण्या?

धागाकर्ता: सूक्ष्मदर्शी
वातावरणातील किरणोत्सर्गावर नजर ठेवण्यासाठी देशभर केंद्रांचे जाळे विणायचे झाले, तर पैसा केवळ गॅमा मात्रा (आसपासच्या गॅमा किरणांची एकूण पातळी) मोजणाऱ्या यंत्रांवर घालावा की हवा ओढून गाळणीवर धूलिकण पकडणाऱ्या नमुना केंद्रांवर? माझे मत गाळणीच्या बाजूने आहे. २०१७ च्या सप्टेंबरअखेरीस आणि ऑक्टोबरच्या आरंभी युरोपच्या हवेत रुथेनियम-१०६ हे किरणोत्सर्गी द्रव्य आढळले. बहुतेक ठिकाणी त्याचे प्रमाण घनमीटरमागे काही मिलिबेकरेल (बेकरेल म्हणजे सेकंदाला एक अणुविघटन; मिलिबेकरेल त्याचा हजारावा भाग) एवढेच होते आणि ते गाळण्यांच्या वर्णपटात, म्हणजे कोणत्या ऊर्जेचे किरण किती हे दाखवणाऱ्या आलेखात, सापडले. ताशी ०.१ मायक्रोसिव्हर्टच्या (शरीराला मिळणाऱ्या किरणमात्रेचे एकक) आसपासची नैसर्गिक पातळी मोजत बसलेल्या मापकाला त्याचा सुगावाही लागला नसता.

प्रतिसाद: तातडीवाला
असहमत. एवढ्या अल्प प्रमाणाने कोणाच्या प्रकृतीला धोका नव्हता, हे आपण सोडून दिलेत. खरा अपघात झाला, तर लोकांनी घरातच थांबावे की गाव सोडावे, हे काही तासांत ठरवावे लागते. गाळणी काढून, प्रयोगशाळेत पाठवून, वर्णपट येईपर्यंत किरणोत्सर्गी ढग पुढे निघून गेलेला असतो. जर्मनीने सुमारे १,७०० गॅमा मापके बसवली आहेत ती याचसाठी.

सूक्ष्मदर्शी
तातडीचा मुद्दा मान्य. पण जोराची सर आली की जमिनीतून निघणाऱ्या रेडॉन या किरणोत्सर्गी वायूपासून बनलेले शिसे-२१४ आणि बिस्मथ-२१४ पावसाबरोबर जमिनीवर उतरतात आणि मापकाचा आलेख एकदम चढतो. त्या क्षणी केवळ एकूण मात्रा दाखवणारे यंत्र काय सांगणार?

तातडीवाला
शेजारी पर्जन्यमापक ठेवला की काम भागते. दोन्हींचे अर्धायुष्य (निम्मे अणू विघटित होण्याचा काळ) अर्ध्या तासाहून कमी असल्याने पाऊस थांबल्यावर आलेख दोन-तीन तासांत पूर्ववत होतो. अपघातातून येणारे आणि अनेक वर्षे टिकणारे सीझियम-१३७ जमिनीवर बसले असते, तर तो असा खाली आला नसता. आणि रेडॉनचा हाच त्रास आपल्या ताज्या गाळणीलाही होतो, म्हणून ती काही काळ तशीच ठेवून मग मोजावी लागते.

प्रतिसाद: देखभाल
आपण दोघेही खरेदीबद्दल बोलत आहात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या रॅडनेट या किरणोत्सर्ग-मोजणी जाळ्यातील स्थिर यंत्रे हवा गाळतात आणि गाळणीवरील गॅमा किरण तिथल्या तिथे मोजतात, म्हणजे आपला वाद त्यांनी एकाच पेटीत मिटवला होता. तरीही ११ मार्च २०११ रोजी, फुकुशिमाची दुर्घटना सुरू झाली त्या दिवशी, बसवलेल्या १२४ यंत्रांपैकी २५ बंद होती, तीही सरासरी १३० दिवस; हे त्यांच्याच महानिरीक्षकांनी २०१२ च्या अहवालात नोंदवले आहे. तिथे गाळण्या बदलण्याचे काम बरेचसे स्वयंसेवकांवर असते. सुटे भाग कोण पुरवणार आणि गाळणी वेळेवर कोण बदलणार, याची तरतूद आधी दाखवा.

सूक्ष्मदर्शी
ही तरतूद मी धाग्यात धरलीच नव्हती, ही चूक कबूल. तरी केंद्रे निम्मी करावी लागली, तरी चालेल. पण योजनेतून गाळणी वगळू नये.

तातडीवाला
निम्म्या केंद्रांमधल्या अंतरातून ढग निसटला, तर गाळणी कोरीच राहील.