ओपनस्टॅक्सचं अर्थशास्त्र मराठीत करून वर्गात वाटलं तर चालेल का?

सीएचबी_मॅडम (बीड जिल्हा)
बी.ए. पहिल्या वर्षाला अर्थशास्त्र शिकवते, तासिका तत्त्वावर. वर्गातल्या काही मुली दिवाळीच्या आसपास आईबापासोबत ऊसतोडीला जातात आणि थेट परीक्षेला उगवतात. हाती फक्त गाईड. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्सचं अर्थशास्त्राचं पुस्तक फुकट आहे, आणि चांगलंय. त्यातलं लवचिकतेचं (भाव बदलला की मागणी-पुरवठा किती बदलतो, त्याचं) प्रकरण मराठीत करायला घेतलंय. तिकडची उदाहरणं काढून लातूरच्या आडत बाजारातली तूर घातली: पीक दणकून आलं की भाव असा कोसळतो की जास्त माल विकूनही पट्टी कमीच येते. हे पोरांना सांगावं लागत नाही.

आमचे एक सर म्हणतात, नेटवर आहे म्हणजे आपलंच. दुसरे म्हणतात, नोटीस येईल. खरं काय? आणि कॉलेजसमोरचा झेरॉक्सवाला पानामागे पैसे घेतो, ते चालतं का?

ग्रंथपाल_नांदेड
मॅडम, दोन्ही सरांना चहा पाजा आणि पुस्तकाचं सुरुवातीचं पान उघडा. तिथे क्रिएटिव्ह कॉमन्सचा (सीसी) परवाना छापलेला असतो, म्हणजे मजकूर कोणत्या अटींवर वापरता येतो ते; सगळं उत्तर त्यात आहे. नुसतं 'बाय' असेल तर मूळ लेखकांचं नाव द्या, परवाना सांगा, काय बदललं ते लिहा. मग भाषांतर, काटछाट, तूर, सगळं चालतं. 'एसए' असेल तर तुमचं मराठी प्रकरणही त्याच परवान्यावर खुलं ठेवावं लागतं. 'एनसी' म्हणजे त्यावर धंदा नको. 'एनडी' दिसलं की मात्र थांबा. ते जसंच्या तसं वाटता येतं, भाषांतर करून वाटता येत नाही. ओपनस्टॅक्सचीच सगळी पुस्तकं एका परवान्यावर नाहीत. कॅल्क्युलस बाय-एनसी-एसए आहे.

फसतात लोक ते मिसळताना. मराठी विकिपीडियावरचा मजकूर बाय-एसए आहे. तो कॅल्क्युलसच्या मजकुरात कालवून एकच नवं प्रकरण केलंत, तर दोन परवाने एकमेकांना अडवतात: दोघांनाही नवं प्रकरण आपल्याच अटींवर हवं, आणि एक धंदा चालू देतो, दुसरा नाही.

झेरॉक्सचं म्हणाल तर 'बाय'ला प्रश्नच नाही. 'एनसी'वर अमेरिकेत खटला झाला होता. शाळांनी आपल्या वापरासाठी फेडेक्सच्या दुकानातून प्रती काढून घेतल्या, दुकानाने पैसे घेतले. 2018 मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने दुकानाच्या बाजूने निकाल दिला: वापर शाळेचा, दुकान फक्त हात. आपल्याकडे तो बंधनकारक नाही, पण मुद्दा पटण्यासारखा आहे. विकतच्या पुस्तकांतली पानं काढून केलेल्या कोर्सपॅकवर आपलाच निकाल आहे, दिल्ली उच्च न्यायालयाचा, 2016 चा. प्रकाशक हरले, विद्यापीठाच्या आवारातला झेरॉक्सवाला जिंकला. कॉपीराइट कायद्याचं कलम 52 वाचा.

परभणीकर
एवढा खटाटोप कशाला वो? पेपर गाईडासारखाच येतो, पोरं गाईडच वाचणार.

ग्रंथपाल_नांदेड
पेपर काढणारे आपणच ना सर.

कोपीतून_बीए
मॅडम, मी स्वतः कारखान्यावर राहून परीक्षा दिल्यात. कोपीत, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीत, रेंज कधी असते, कधी नसते. पीडीएफ हलकी ठेवा, व्हॉट्सॲपवर एकदा उतरली की काम भागतं. वहीच्या पानांचे फोटो टाकू नका, मोठं केलं की अक्षर फुटतं. युनिकोडात टाइप करा, म्हणजे 'लवचिकता' शोधली की सापडते. आणि व्हिडिओची लिंक देऊ नका, बघणं होत नाही.

सीएचबी_मॅडम (बीड जिल्हा)
माझ्याकडं तिसरी आवृत्ती आहे, नुसतं बाय 4.0. प्रकरणाखाली नोंद कशी लिहू?

ग्रंथपाल_नांदेड
अशी: "मूळ: प्रिन्सिपल्स ऑफ इकॉनॉमिक्स, तिसरी आवृत्ती, ओपनस्टॅक्स, सीसी बाय 4.0. मराठी भाषांतर व तुरीचं उदाहरण माझं." खाली मूळ पुस्तकाची आणि परवान्याची लिंक, आणि तुमचं नाव. लेखकांची नावं पहिल्या पानावर आहेत, तीही घाला. ओपनस्टॅक्सचा लोगो आणि मुखपृष्ठ मात्र चिकटवू नका, ते या परवान्यात येत नाहीत.